रानकंदांची ओळख आणि विषबाधेचा प्रश्न

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



अन्नसुरक्षेचा अभ्यास करताना धान्योत्पादन, आधारभूत किंमत, गोदामे, शिधापत्रिका आणि २०१३ चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा एवढ्या बाबी आपल्या टिपणवहीत ओघाने येतात. आज मी ज्या अन्नाविषयी बोलणार आहे, ते या यादीत कोठेही बसत नाही. ते कोणी पेरीत नाही, गोदामात साठवीत नाही आणि शिधावाटप दुकानाच्या काट्यावर त्याचे वजनही होत नाही. तरीही केरळमधील वायनाडच्या डोंगरांत, आंध्र व तेलंगणातील नल्लमलाच्या जंगलात, मध्य प्रदेशातील बैगांच्या पाड्यांवर आणि ओडिशातील रायगडा जिल्ह्यात वर्षाचे काही आठवडे या अन्नावाचून चूल पेटत नाही. मी रानकंदांविषयी बोलतो आहे. या रानकंदांमध्ये काही विषारी कंद असतात, ते खाण्याजोग्या कंदांसारखे दिसतात आणि त्यांतून माणसे दगावतात, हा आजचा विषय आहे.

विषय लहान वाटेल. पण उद्या तुमच्यापैकी कोणी तहसीलदार होईल, कोणी गटविकास अधिकारी, कोणी वैद्यकीय अधिकारी. एखाद्या सकाळी दूरच्या पाड्यावरून एकाच घरातील चौघांना जुलाब-उलट्या झाल्याची आणि त्यांतील दोघे दगावल्याची वर्दी येईल. पंचनाम्यात कारणाच्या रकान्यात काय लिहायचे, हे त्या वेळी तुम्हांला ठरवावे लागेल. त्या एका ओळीवर पुष्कळ काही अवलंबून असते.

ओळख जमिनीवर, अन्न जमिनीखाली

लोकभाषेत जमिनीखाली फुगलेल्या कोणत्याही भागाला आपण कंद म्हणतो. वनस्पतिशास्त्र त्यांत भेद करते. कांद्याला पापुद्रे असतात. सुरण म्हणजे घट्ट, भरीव झालेले खोड. रताळे हे तर फुगलेले मूळ. हे भेद परीक्षेसाठी ध्यानात ठेवा, पण रानात खणणाऱ्या माणसाची अडचण वेगळी असते. कंदाची खरी ओळख त्याच्या पानात, फुलात आणि वेलीत असते. या तिन्ही गोष्टी जमिनीच्या वर असतात आणि कंद खणण्यायोग्य होतो तेव्हा त्या बहुधा वाळून गेलेल्या असतात.

याम वर्गातील वनस्पतींचे उदाहरण घ्या. यांच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव डायोस्कोरिया, ते डायोस्कोरिडीस या प्राचीन ग्रीक वैद्याच्या नावावरून पडले. आपल्याकडचे कोनफळ, कणगर आणि कारांदा हे याच गोतातले. पावसाळ्यात हे वेल झाडांवर चढतात, हिवाळ्यात पिवळे पडून गळून जातात आणि तेव्हा खालचा कंद भरलेला असतो. म्हणजे अन्न तयार होते त्याच वेळी त्याची खूण नाहीशी होते. उलट आषाढ-श्रावणात घरातील धान्य संपलेले असते, तेव्हा वेलाला नुकतीच दोन-चार पाने फुटलेली असतात. तेवढ्यावरून जात ओळखणे तज्ज्ञालाही सोपे जात नाही.

जाणकार खणणारी बाई मग काय पाहते? तिचे शास्त्र बारकाईने ऐकण्यासारखे आहे. वेल आधाराभोवती डावीकडे वळत गेला आहे की उजवीकडे, हे ती पाहते. वनस्पतिशास्त्रज्ञही डायोस्कोरियाचे गट पाडताना हेच लक्षण वापरतात. देठावर काटे आहेत का, पान एकसंध आहे की तीन किंवा पाच पर्णिकांचे, वेलीवर हवेत लटकणारे छोटे कंद धरतात का, चिरल्यावर आतला रंग कोणता, बोटाला खाज सुटते का, हेही ती पाहते. पण सर्वांत मोठी खूण तिच्या डोक्यात असते: गेल्या पावसाळ्यात या जागी कोणता वेल होता, ही आठवण. कंदाचा मोठा भाग काढून घेऊन वेलीचा माथा पुन्हा मातीत रोवून ठेवण्याची पद्धत अनेक समाजांत आढळते. त्यामुळे पुढील वर्षीचे अन्न तर राहतेच, शिवाय ठरलेल्या जागी ठरलेलाच कंद मिळतो. अनोळखी जागी खणण्याची वेळ येते तेव्हा हे कवच गळून पडते.

पर्यावरण व वन मंत्रालयाने १९८२ ते १९९८ या काळात लोकजीवविज्ञानाचा एक अखिल भारतीय समन्वित प्रकल्प राबविला. आदिवासी समाज सुमारे १०,००० वन्य वनस्पतींचा उपयोग करतात आणि त्यांपैकी सुमारे ३,९०० अन्न म्हणून वापरल्या जातात, अशी नोंद त्यातून झाली. एवढ्या वनस्पती खाण्यायोग्य म्हणून ज्ञात होण्यासाठी किती वनस्पती न खाण्यायोग्य म्हणून पारखल्या गेल्या असतील, याचा हिशेब मात्र कोणी मांडलेला नाही.

कळलावी

आता एका वनस्पतीपाशी थोडे थांबू. कळलावी तुम्ही पाहिली असेल. पावसाळ्यात कुंपणांवर, झुडपांवर चढणारा वेल; पानाचे टोक लांबून त्याचा ताणा होतो आणि त्याच्या आधाराने वेल वर जातो. फूल आधी हिरवट, मग पिवळे, मग अग्नीच्या ज्वाळेसारखे तांबडे होते; म्हणून संस्कृतात अग्निशिखा. हिंदीत कलिहारी, शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. हे तमिळनाडूचे राज्यपुष्प आहे आणि झिंबाब्वेचे राष्ट्रीय पुष्पही. हिचे दुसरे संस्कृत नाव लांगली. लांगल म्हणजे नांगर. जमिनीखालचा कंद नांगरासारखा कोनात वळलेला असतो, म्हणून हे नाव. ज्याने हे नाव दिले त्याने फुलाकडे न पाहता कंदाकडे पाहिले होते, हे विशेष. खणणाऱ्याला उपयोगी पडेल अशी खूण त्याने नावातच ठेवून दिली. अडचण एवढीच की हा कोन नेहमी स्पष्ट नसतो. तुटलेला किंवा कोवळा तुकडा रताळ्यासारखा किंवा यामच्या कंदासारखा दिसतो. दक्षिण भारत आणि श्रीलंका येथील वैद्यकीय साहित्यात कळलावीचा कंद रताळे वा याम समजून खाल्ल्याने झालेल्या विषबाधा वारंवार नोंदविल्या गेल्या आहेत.

या कंदातील मुख्य विष कोल्चिसिन. फ्रान्समधील पेलेतिये आणि कावांतू यांनी १८२० मध्ये ते युरोपातील कोल्चिकम या वनस्पतीतून वेगळे केले. त्याच वर्षी याच जोडीने क्विनाइनही वेगळे केले, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. गाउट या सांधेदुखीवर कोल्चिसिन आजही दिले जाते. वनस्पतींच्या गुणसूत्रांची संख्या दुप्पट करण्यासाठी प्रजननशास्त्रज्ञ १९३७ पासून ते वापरीत आले आहेत. बिनबियांचे कलिंगड त्यातूनच शक्य झाले. ते का शक्य झाले, हे समजले की विषही समजते. पेशी दुभंगताना गुणसूत्रे दोन बाजूंना ओढून नेणारे सूक्ष्म धागे तयार होतात. कोल्चिसिन ते धागे बनूच देत नाही. विभाजन मध्यावरच थांबते. कलिंगडाच्या रोपात याचा परिणाम गुणसूत्रे दुप्पट होण्यात होतो. माणसाच्या शरीरात ज्या पेशी सतत दुभंगत असतात, म्हणजे आतड्याचे अस्तर, अस्थिमज्जा, केसांची मुळे, त्या प्रथम कोलमडतात.

प्राणघातक मात्रेचा परंपरेने दिला जाणारा आकडा शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ०.८ मिलिग्रॅम असा आहे. पन्नास किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ही मात्रा ४० मिलिग्रॅम होते. गव्हाच्या एका दाण्याचे वजन साधारण तेवढेच असते. आणि उकळल्याने हे विष नष्ट होत नाही. ‘नीट शिजवले की काही होत नाही’ हा समज येथे जीवावर बेततो.

लक्षणांचा क्रम नीट ऐका, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर अवलंबून आहे. खाल्ल्यानंतर काही तासांनी तोंडात व घशात जळजळ, उलट्या, पोटात कळा आणि रक्तमिश्रित जुलाब सुरू होतात. रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो तेव्हा हे चित्र पावसाळ्यातील कोणत्याही हगवणीसारखे असते. सलाईन लावले जाते, क्षारसंजीवनीची पाकिटे दिली जातात. अनेकदा त्याला थोडी उतारही पडते. विषाचा दुसरा टप्पा मात्र साधारण चोवीस तासांनंतर उघड होतो आणि काही दिवस चालतो. रक्तदाब ढासळतो, हृदयाची लय बिघडते, मूत्रपिंड व यकृत निकामी होऊ लागते, अस्थिमज्जा दबल्याने पांढऱ्या पेशी आणि रक्तबिंबिका घटतात. यातून जो वाचतो त्याचे केस पुढील दोन-तीन आठवड्यांत गळतात. काही वेळा तोच कोल्चिसिनचा पुरावा ठरतो.

यावर सहज मिळणारा उतारा नाही. कोल्चिसिनविरोधी प्रतिपिंडांचे तुकडे देऊन एका रुग्णाला वाचविल्याचे फ्रान्समधून १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले होते, परंतु ते औषध बाजारात आलेच नाही. लवकर आल्यास सक्रिय कोळसा, भरपूर द्रवपदार्थ, अवयवांना आधार आणि अस्थिमज्जेला चालना देणारी औषधे एवढेच डॉक्टरांच्या हाती असते. म्हणून या विषबाधेत सर्वांत प्रभावी उपाय कंद तोंडात जाण्यापूर्वीचा आहे.

विरोधाभास असा, की आपल्या कायद्याला कळलावी ठाऊक आहे. आयुर्वेदात लांगलीची गणना उपविषांत होते आणि ती शोधन करूनच वापरावी असे सांगितले आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये विषारी द्रव्यांच्या यादीत ती आहे. म्हणजे बाटलीत भरलेल्या कळलावीवर इशारा छापावा लागतो; बांधावरच्या कळलावीची कोणाला माहिती द्यावी, हे मात्र कोणत्याच विभागाकडे सोपविलेले नाही. तमिळनाडूत बियांसाठी हिची शेती होते, कारण बियांतील कोल्चिसिनला औषध उद्योगात मागणी आहे. ही लागवड कंदांपासूनच करतात, म्हणून बेण्याचे कंद शेतकऱ्याच्या घरी साठवलेले असतात. तेथे धोका रानातून घरात आला आहे.

महाराष्ट्रात कळलावी घरात ठेवली तर भांडणे होतात अशी समजूत आहे. तिला अंधश्रद्धा म्हणून मोडीत काढण्याआधी ती काय काम करीत होती ते पाहावे, असे मला वाटते. प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी जिचा लेप सुईणी वापरीत आणि त्यावरूनच जिचे नाव पडले असे सांगतात, तो कंद स्वयंपाकघरापासून दूर राहण्याची ही एक व्यवस्था होती.

कडू कंदाची प्रक्रिया

काही विषारी कंद खाल्ले जातात आणि सुरक्षितपणे खाल्ले जातात, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटते. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये बैचांदी नावाने ओळखला जाणारा कंद म्हणजे डायोस्कोरिया हिस्पिडा. काटेरी देठ, तीन पर्णिकांचे पान. त्यातील डायोस्कोरिन हे अल्कलॉइड मज्जासंस्थेवर आघात करते; झटकेही येऊ शकतात. परंतु ते पाण्यात विरघळते. कंदाच्या पातळ चकत्या करायच्या, त्या टोपलीत घालून वाहत्या पाण्यात काही दिवस ठेवायच्या, पुनःपुन्हा पाणी बदलून उकळायच्या, कोठे कोठे राखही लावायची, असा हा क्रम आहे. दुष्काळी अन्न म्हणून हा कंद इंडोनेशिया व फिलिपीन्समध्येही खाल्ला जातो आणि तेथेही प्रक्रिया जवळपास अशीच आहे.

या प्रक्रियेत वेळ हाच मुख्य घटक आहे, आणि भुकेल्या घरात वेळच नसतो. याचे सर्वांत करुण उदाहरण आफ्रिकेतले आहे. कसावा म्हणजे आपल्या साबुदाण्याचा कंद. त्याच्या कडू वाणांत सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात आणि ती अनेक दिवस भिजवून, वाळवून काढली जातात. मोझांबिकच्या नामपुला प्रांतात १९८१ साली दुष्काळ पडला. अन्य पिके गेली, कडू कसावा तेवढा राहिला आणि लोकांनी वाळवण्याचे दिवस कमी केले. हजाराहून अधिक लोकांचे पाय कायमचे लुळे पडले. त्यांत मुले आणि स्त्रिया अधिक होत्या. स्वीडिश डॉक्टर हान्स रोझलिंग त्या वेळी तेथे काम करीत होते. पुढे याच विकाराचा ‘कोंझो’ या नावाने त्यांनी अभ्यास केला. त्या लोकांना प्रक्रिया ठाऊक होती. पिढ्यान्‌पिढ्या ते ती करीत आले होते. त्या वर्षी ती पूर्ण करण्याइतके दिवस त्यांच्यापाशी उरले नव्हते.

ही चूक कोणाची?

अशा घटनांच्या बातम्यांत ‘अज्ञानामुळे’ हा शब्द हमखास येतो. तो तपासून पाहिला पाहिजे.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात, आजच्या आयडाहो, ओरेगॉन, माँटाना या राज्यांत, कॅमस नावाचा निळ्या फुलांचा कांदा नेझ पर्स व अन्य मूळ रहिवाशांचे मुख्य अन्न होता. त्याच कुरणांत डेथ कॅमस उगवतो. त्याचे फूल पांढरट पिवळे, कांदा मात्र जवळजवळ तसाच आणि विषारी. फूल गेल्यावर दोहोंतील फरक कळणे कठीण. या लोकांनी शोधलेला उपाय असा, की दोन्ही फुललेले असतानाच कुरणात जाऊन पांढऱ्या फुलाची झाडे उपटून टाकायची. पुढे खणायची वेळ येते तेव्हा कुरण आधीच निर्धोक झालेले असते. निवड स्वयंपाकघरात न करता शेतातच, योग्य ऋतूत करून ठेवायची, हे नियोजनच आहे. नंतर आलेल्या वसाहतकारांना हे ठाऊक नव्हते आणि विषबाधा झाल्या त्या त्यांना. डेथ कॅमसला कांद्याचा वास येत नाही, ही खूण आजही तेथे मुलांना शिकवितात.

आपल्याकडचा रानकांदा, म्हणजे कोळकांदा, याच खुणेने ओळखता येतो. पापुद्र्यांचा हा कांदा दिसायला थेट भाजीच्या कांद्यासारखा, पण कांद्याचा वास नाही आणि चव कडू. त्यातील द्रव्ये डिजिटालिसप्रमाणे हृदयावर परिणाम करतात. याचे फूल पाने येण्यापूर्वीच, उन्हाळ्यात उमलून जाते; त्यामुळे फूल आणि पान एकत्र पाहून ओळख पटविण्याची सोयच नसते.

आणखी एक उदाहरण इंग्लंडचे. तेथील सफक परगण्यातील एका प्राथमिक शाळेत २००९ साली पाककलेच्या तासाला मुलांनी शाळेच्या बागेतल्या भाज्यांचे सूप केले. त्यात डॅफोडिलचा एक कंद कांदा म्हणून पडला आणि डझनभर मुले आजारी झाली. सुदैवाने सर्व बरी झाली. पुढे २०१५ मध्ये त्या देशाच्या आरोग्य यंत्रणेने मोठ्या दुकानांना विनंती केली, की डॅफोडिल भाजीपाल्याच्या शेजारी मांडू नयेत. शिक्षक सुशिक्षित, दुकानदार सुशिक्षित, ग्राहक सुशिक्षित. तेथे कोणी ‘अज्ञान’ हा शब्द वापरला नाही. मांडणी बदलण्याचा विचार झाला. आपल्या पाड्यावरील मृत्यूच्या बाबतीतही आपण मांडणीकडे पाहावे, असा माझा आग्रह आहे.

ही मांडणी कोठे बिघडली? धरण, खाण किंवा अभयारण्य यांसाठी गाव उठते तेव्हा कुटुंबाला घर आणि कदाचित जमीन मिळते. ठरलेल्या जागी ठरलेला कंद देणारे रान मात्र मिळत नाही. जंगल विरळ होते तेव्हा परिचित कंद आधी संपतात आणि न ओळखलेले खणले जातात. मूल सहाव्या-सातव्या वर्षी निवासी आश्रमशाळेत जाते. ऐन पावसाळा आणि हिवाळा ते रानाबाहेर काढते. शिक्षण हवेच, याविषयी दुमत नाही. पण आजीच्या मागे रानात हिंडून जे शिकायचे ते वयही हेच असते आणि सुट्टी मिळते ती उन्हाळ्यात, सर्व वेल वाळलेले असताना.

नोंदवहीतील रकाना

आता आपण त्या पंचनाम्याकडे वळू. आयसीडी-१० या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात खाल्लेल्या विषारी पदार्थांसाठी टी ६२ हा संकेतांक आहे. त्यात अळंब्यांना स्वतंत्र उपक्रमांक आहे, बोरवर्गीय फळांनाही आहे. कंद मात्र टी ६२.२ मध्ये, ‘इतर वनस्पती वा त्यांचे भाग’ यांत जातो. आपल्या तालुक्याच्या कागदावर तेवढेही उतरत नाही. ‘अन्नातून विषबाधा’ किंवा ‘जुलाब-उलट्या’ असे लिहिले जाते आणि कोणता कंद, कोठून आणला, का आणला, हे कायमचे पुसले जाते.

पुसले गेल्याने काय होते, याची दोन उदाहरणे देतो. दोन्ही कंदांची नाहीत, पण प्रश्न तोच आहे. पश्चिम उत्तर प्रदेशात अनेक वर्षे लहान मुले थंडीच्या दिवसांत अचानक दगावत आणि त्याला मेंदूज्वर म्हटले जाई. आपल्या टाकळ्याच्या गोतावळ्यातील कॅसिया ऑक्सिडेन्टॅलिस या झुडपाच्या शेंगा मुले खेळता खेळता खातात आणि तेच विष यामागे आहे, हे डॉ. विपिन वशिष्ठ, डॉ. टी. जेकब जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ च्या सुमारास दाखवून दिले. मूल कोणत्या कुंपणाशी खेळले, हे आईला विचारण्यातून तो शोध लागला. २०१६ मध्ये ओडिशातील मलकानगिरीत मुलांच्या मृत्यूंचे सत्र आले, तेव्हा जपानी मेंदूज्वराच्या जोडीला हेच झुडूप पुन्हा चर्चेत आले.

दुसरे उदाहरण रायगडा जिल्ह्यातील काशीपूरचे. २००१ च्या पावसाळ्यात तेथे आंब्याच्या कोयींची पेज खाऊन अनेक आदिवासी मृत्युमुखी पडले. बुरशी लागलेल्या कोयींमुळे विषबाधा झाली, असे एक बाजू म्हणाली; हे भूकबळी आहेत, असे दुसरी. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगापर्यंत प्रकरण गेले. २०२४ मध्ये कंधमाळ जिल्ह्यात कोयींची पेज खाऊन पुन्हा मृत्यू झाले आणि वाद पुन्हा त्याच दोन शब्दांत झाला. माझ्या मते, या दोन शब्दांत निवड करायला लावणारा रकानाच सदोष आहे. विष हे मृत्यूचे वैद्यकीय कारण असू शकते आणि भूक हे ते विष ताटात येण्याचे कारण. घरात त्या आठवड्यात धान्य होते का, शिधापत्रिका चालू होती का, दुकान किती अंतरावर होते, या तीन प्रश्नांची उत्तरे पंचनाम्यात आली, तर वादाला पुरावा मिळेल. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबांना दरमहा माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य देय आहे. ते वेळेवर पोहोचले होते काय, हा प्रश्न विषबाधेच्या तपासाचाच भाग आहे.

काय करता येईल

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ‘रानकंद खाऊ नका’ असे फलक लावणे. असे फलक लावू नयेत, असे मला स्पष्टपणे वाटते. शिध्यात तांदूळ, गहू वा भरडधान्य मिळते. ताटातील बाकीचे पदार्थ रानच पुरवते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजांच्या व्याख्येत मुळे आणि कंद यांचा शब्दशः उल्लेख केला आहे आणि हा हक्क अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांतील वनजमिनीलाही लागू होतो. त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावरील सामुदायिक हक्क मान्य केला आहे. एका हाताने कंदावरचा हक्क मान्य करायचा आणि दुसऱ्या हाताने तो खाणे धोक्याचे म्हणून सांगायचे, याला धोरण म्हणता येणार नाही.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार स्थानिक समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवह्या तयार करावयाच्या असतात. या वह्यांत वनस्पतींची नावे व उपयोग भरले जातात. खाण्यायोग्य प्रत्येक कंदासमोर ‘कशासारखा दिसतो आणि फरक कसा ओळखतात’ असा एक रकाना घातला, तर तीच वही आरोग्य केंद्राच्या टेबलावरही उपयोगी पडेल. माहिती सांगणाऱ्या बहुतेक स्त्रिया असतील; त्यांना मानधन मिळावे आणि नावानिशी श्रेय मिळावे. विषारी द्रव्यांची माहिती जाहीर झाल्यास तिचा गैरवापर होईल, अशी शंका घेतली जाते. कळलावीच्या बाबतीत ती निराधार नाही, कारण दक्षिणेत व श्रीलंकेत हा कंद आत्महत्येसाठीही वापरला गेला आहे. म्हणून नोंदीत ओळख द्यावी. मात्रा देऊ नये.

महाराष्ट्रात कृषी विभागातर्फे रानभाजी महोत्सव भरविले जातात आणि शहरी माणसांची तेथे गर्दी होते, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र तेथे फक्त खाण्याजोग्या वनस्पती मांडलेल्या असतात. महोत्सवाहून परतलेला हौशी माणूस पुढच्या रविवारी स्वतःच टेकडीवर खणायला जातो. प्रत्येक मेळाव्यात कोनफळाशेजारी कळलावीचा कंद आणि कांद्याशेजारी कोळकांदा काचेच्या पेटीत ठेवायला खर्च काहीच नाही. आश्रमशाळांतही वर्षातून दोनदा, एकदा वेल फुललेले असताना आणि एकदा वाळलेले असताना, त्याच जागी मुलांना गावातील वडीलधाऱ्यांसोबत नेता येईल. दोन्ही वेळा तीच जागा, हे महत्त्वाचे.

आरोग्य केंद्राविषयी शेवटचे सांगतो. एकाच घरातील अनेकांना एकाच जेवणानंतर रक्तमिश्रित जुलाब झाले आणि जे जेवले नाहीत ते ठीक आहेत, असे दिसले की कंदाविषयी विचारलेच पाहिजे. काय खाल्ले, असा नुसता प्रश्न पुरत नाही. रानातील अन्न खाल्ल्याचे सांगायला लोक संकोचतात. कोणी खणले, कोठे खणले, उरले आहे का, असे विचारावे. कळलावीचा संशय असल्यास जुलाब थांबले म्हणून रुग्णाला घरी पाठवू नये. रक्ताच्या व मूत्रपिंडाच्या तपासण्या पुनःपुन्हा करता येतील अशा रुग्णालयात त्याला किमान तीन दिवस देखरेखीखाली ठेवावे. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९९५ पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास सल्ला देते. त्याचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर असावा. आशा कार्यकर्तीने उरलेला कंद, सालीसकट आणि शक्य असल्यास वेलीच्या वाळक्या तुकड्यासह, कागदात गुंडाळून रुग्णासोबतच पाठवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत तो दमट होऊन सडतो आणि मग ओळखता येत नाही.